तरुण मधुमेही आणि मनाचा आधार



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, ते मुलाचे प्रगतिपुस्तक उघडण्यापूर्वी त्याचा चेहरा वाचीत, अशी आठवण त्यांचे जुने विद्यार्थी आजही सांगतात. माझ्या वैद्यकीय व्यवसायातही प्रयोगशाळेचा अहवाल आणि रोग्याचा चेहरा या दोन्ही गोष्टी वाचाव्या लागतात, आणि पुष्कळदा दुसरी गोष्ट पहिलीहून अधिक सांगून जाते. या दोहोंची जेथे गाठ पडते असा विषय मी आज निवडला आहे. बालपणी किंवा ऐन तारुण्यात मधुमेह जडलेल्या मुलामुलींच्या मनाचे आरोग्य, आणि डॉक्टर दूर असताना दूरध्वनी वा मोबाईलच्या द्वारे त्यांना मिळू शकणारा आधार, हा तो विषय होय. आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात त्याचे महत्त्व विशेष आहे. ते का, हे यथाक्रम सांगण्याचा प्रयत्न करतो.

हा मधुमेह कोणता?

‘शुगर झाली’ असे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पन्नाशीचा, थोडासा स्थूल गृहस्थ उभा राहतो. तो मधुमेह दुसऱ्या प्रकारचा. गोळ्या, पथ्य आणि चालणे यांनी तो बराच काळ ताब्यात ठेवता येतो. पहिल्या प्रकारच्या मधुमेहाची जातकुळी वेगळी आहे. त्यात शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींना शत्रू समजून नष्ट करते. हा रोग गोड खाल्ल्याने होत नाही, आईबापांच्या हयगयीने होत नाही आणि स्पर्शाने पसरत नाही. काढा, अंगारा किंवा उपवास यांनी तो जातही नाही. बाहेरून इन्सुलिन देणे हाच त्यावर उपाय, आणि तो आयुष्यभराचा.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हा उपायही नव्हता. असे मूल काही महिने, फार तर एकदोन वर्षे जगे. १९२१ साली कॅनडातील टोरोंटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिनचा शोध लावला. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचण्यात आले, आणि ज्या रोगाचे दुसरे नाव मृत्यू होते तो सोबत घेऊन जगण्याचा रोग झाला. आजच्या विषयाची सुरुवात नेमकी येथे होते, कारण इन्सुलिनने आयुष्य दिले, परंतु ते आयुष्य रोज सांभाळण्याचे काम रोग्याच्याच हाती सोपविले.

मनावरचे ओझे

हे काम किती, याचा साधा हिशोब करून पाहू. दिवसातून चार वेळा इन्सुलिन टोचून घ्यावयाचे म्हटले तर वर्षाला १,४६० सुया होतात. साखर पाहण्यासाठी दिवसातून चार वेळा बोट टोचले तर तेवढेच टोच आणखी. दहा वर्षांत ही बेरीज २९,२०० होते. प्रत्येक वेळी एक निर्णय घ्यावा लागतो. दोन भाकरी खायच्या की तीन, आज शेतात कापूस वेचायला जायचे आहे तर इन्सुलिन किती कमी करायचे, ताप आहे तर किती वाढवायचे? इतर बहुतेक रोगांत औषधाची मात्रा डॉक्टर ठरवितो. येथे ती सोळा वर्षांच्या मुलाला किंवा बावीस वर्षांच्या मुलीला रोज अनेकदा ठरवावी लागते, आणि या कामाला रविवार नाही, सुट्टी नाही.

शिवाय चुकीचे भय दोन्ही बाजूंनी असते. इन्सुलिन कमी पडले तर साखर चढते आणि वर्षानुवर्षे तसेच चालले तर डोळे, मूत्रपिंडे व नसा यांवर परिणाम होतो. ते जास्त झाले तर साखर उतरते, हातपाय कापतात, घाम फुटतो, शुद्धही हरपू शकते. रात्री झोपेत साखर उतरेल या धास्तीने जागणाऱ्या माता मी पाहिल्या आहेत, आणि त्याच धास्तीने मुद्दाम साखर चढती ठेवणारे तरुणही पाहिले आहेत.

या सततच्या ताणाला आपण मधुमेहजन्य मनस्ताप म्हणू. १९९५ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ विल्यम पोलोन्स्की व त्यांचे सहकारी यांनी तो मोजण्यासाठी वीस प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तेव्हापासून या अवस्थेचा स्वतंत्र विचार होऊ लागला. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सर्व प्रकारच्या मधुमेहींत मिळून १८ ते ४५ टक्के लोकांना हा मनस्ताप जाणवतो. उदासीनता किंवा नैराश्य हा आजार याहून वेगळा, जरी दोन्ही एकत्र नांदू शकतात. नैराश्यात माणसाचा सर्वच गोष्टींतील रस आटतो. मनस्तापात तो हसतो, खेळतो, मित्रांत रमतो, पण सुई आणि पट्टी समोर आली की त्याचा जीव विटतो. नैराश्याला मनोविकारतज्ज्ञाचे उपचार लागतात. मनस्तापाला बहुधा समजून घेणारा माणूस, योग्य माहिती आणि ओझे वाटून घेणारी सोबत लागते. हा भेद ओळखला नाही तर दोन्ही बाजूंनी अनर्थ होतो. थकलेल्या मुलाला आपण वेडा ठरवितो, किंवा खरोखर आजारी असलेल्याला ‘मन घट्ट कर’ असा कोरडा उपदेश करतो.

मनस्ताप आपले नाव सांगत येत नाही. ‘मी खचलो आहे’ असे तरुण म्हणत नाही. तो साखरेची नोंदवही हरवल्याचे सांगतो, किंवा महिन्याभराच्या सगळ्या नोंदी एकाच शाईने, एकाच बैठकीत लिहून आणतो. तपासणीची तारीख चुकवतो. पुढे एखादी सुई चुकते, मग दोन, आणि एके दिवशी उलट्या होत असलेल्या अर्धवट शुद्धीच्या अवस्थेत त्याला रुग्णालयात आणले जाते. कागदावर कारण ‘इन्सुलिन चुकविले’ असे लिहिले जाते. ते का चुकविले, हा रकाना कागदावर नसतो.

तरुण वय आणि आपला जिल्हा

अठरा ते पंचवीस हे वय या दृष्टीने सर्वांत नाजूक. लहानपणी आई सुई देते, डबा ठरवून देते. या वयात ती सारी जबाबदारी एकाएकी तरुणावर येते, आणि नेमक्या त्याच वेळी शिक्षण, नोकरी, मैत्री आणि विवाह हे प्रश्नही उभे राहतात. आपली मुले शिकण्यासाठी हैदराबाद, नागपूर किंवा नांदेडला जातात. वसतिगृहाच्या खोलीत चारजणांदेखत सुई काढायची लाज वाटते. मुलीच्या बाबतीत तर घरातूनच ‘कोणाला सांगू नकोस’ असे बजावलेले असते, कारण पुढे लग्नाचा प्रश्न येतो. लपवायचे म्हटले की वेळेवर सुई घेता येत नाही, साखर उतरली तर साखर मागता येत नाही. गुप्ततेचे हे ओझे रोगाच्या ओझ्याहून जड होते, असे माझे निरीक्षण आहे.

आता आपल्या भूमीकडे पाहू. पैनगंगेच्या अलीकडे आणि पलीकडे एकच कापूस पिकतो आणि सोयरिकीही होतात. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबादपासून निघून मराठी मुलखात गेले, आणि उरलेली मराठी वस्ती तेलुगू राज्यात राहिली. २०१४ साली तेलंगण राज्य झाले आणि २०१६ साली जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. एका बाजाराच्या दिवशी येथे तेलुगू, मराठी, गोंडी, कोलामी, उर्दू आणि बंजारा या बोली कानांवर पडतात. हे आपले वैभव खरे. पण दुःख सांगण्याच्या प्रसंगी तेच अडचण होऊन बसते. जिल्ह्याच्या ठिकाणी ‘रिम्स’ हे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. तथापि विशेष तज्ज्ञासाठी उत्तरेस सुमारे दोनशे किलोमीटरवरील नागपूर गाठावे लागते, नाही तर दक्षिणेस सुमारे तीनशे किलोमीटरवरील हैदराबाद. इंद्रवेल्ली किंवा नारनूरकडील मजुराने मुलाच्या केवळ मनासाठी हा प्रवास करावा, ही अपेक्षा व्यवहारात टिकत नाही. मुलासाठी मजुरी बुडवून जाणारा बापही इन्सुलिनसाठी जातो, बोलण्यासाठी जात नाही.

आवाजाच्या आधाराची परंपरा

मग आवाजानेच प्रवास करावा, ही कल्पना पुढे येते. ती वाटते तितकी नवी नाही. १९५३ साली लंडनमध्ये चॅड व्हारा या धर्मोपदेशकाने दूरध्वनीवरून निराश माणसांचे बोलणे ऐकून घेण्याचा उपक्रम आरंभिला. तीच पुढे ‘समॅरिटन्स’ ही संस्था झाली. आपल्या देशात १९८६ साली चेन्नईत ‘स्नेहा’ ही संस्था डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी स्थापन केली. २०१२ साली मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने ‘आयकॉल’ ही दूरध्वनी व ई-मेलद्वारे समुपदेशन करणारी सेवा सुरू केली. आणि १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, केंद्र शासनाने ‘टेली-मानस’ ही सेवा देशभर आरंभिली. बंगळूरची ‘निम्हान्स’ ही संस्था तिच्या शिरोभागी आहे.

टेली-मानसची रीत सोपी आहे. १४४१६ हा क्रमांक फिरवावा. पैसे पडत नाहीत आणि सेवा चोवीस तास चालते. प्रथम भाषा निवडावयाची असते. उपलब्ध वीस भाषांत मराठी आणि तेलुगू दोन्ही आहेत. नंतर प्रशिक्षित समुपदेशक बोलतो, आणि आवश्यक तेथे मनोविकारतज्ज्ञाशी जोडून देतो किंवा जवळच्या शासकीय रुग्णालयाची वाट दाखवितो.

ही सेवा सर्वांसाठी आहे, केवळ मधुमेहींसाठी नव्हे. खास तरुण मधुमेहींसाठी दूरस्थ आधाराचे प्रयोग परदेशांत झाले आहेत, आणि त्यांतून घेण्यासारखे पुष्कळ आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात तरुणांच्या तपासण्या घरबसल्या पडद्यावरून करण्यात आल्या व त्याच बैठकीत समवयस्क मधुमेहींशी गटचर्चा ठेवण्यात आली. या तरुणांचा मनस्ताप घटला आणि आत्मविश्वास वाढला, असे आढळले. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात दूरवर विखुरलेल्या मधुमेहींना मोबाईलवरून आधार देण्याचे काम, स्वतः हाच रोग सोसणाऱ्या व थोडे प्रशिक्षण घेतलेल्या सोबत्यांवर सोपविण्यात आले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अमेरिकन प्रयोगात पडद्यावरील गटांच्या तीन पद्धती तुलनेसाठी घेतल्या होत्या. एकीत मधुमेहाच्या व्यवस्थापनाचे शिक्षण होते, दुसरीत भावनांवर भर होता, तिसरीत दोन्ही होते. वर्षअखेर तिन्ही पद्धतींत मनस्ताप कमी झाला, आणि रक्तातील साखरेची तीन महिन्यांची सरासरीही सुधारली. भावनांवर भर देणाऱ्या पद्धतीचा लाभ सर्वांत सातत्याने दिसला. मनाला आधार मिळाला तर साखरही सुधारते, हा यातील आपल्या कामाचा निष्कर्ष होय.

सोबतीचे हे बळ वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १९३४ साली ब्रिटनमध्ये मधुमेहींची संघटना उभी राहिली. ती स्थापणाऱ्यांपैकी डॉ. आर. डी. लॉरेन्स आणि लेखक एच. जी. वेल्स हे दोघेही स्वतः मधुमेही होते. आपल्या शेजारी नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांनी १९९५ साली ‘ड्रीम ट्रस्ट’ स्थापन करून गरीब घरच्या मधुमेही मुलांना विनामूल्य इन्सुलिन देण्याचे काम हाती घेतले. मराठवाड्यात औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर येथे, डॉ. अर्चना सारडा यांच्या ‘उडान’ संस्थेने अशाच मुलांसाठी काम उभे केले. अशा ठिकाणी औषधासाठी आलेले मूल दुसऱ्या सुई घेणाऱ्या मुलाला प्रथमच पाहते. ‘मी एकटाच नाही’ हे तेथे कोणाला शिकवावे लागत नाही. जेथे एका गावात असे एकच मूल असते, तेथे हे दर्शन मोबाईलच घडवू शकतो.

मर्यादा आणि पथ्ये

कोणत्याही औषधाप्रमाणे दूरस्थ आधारालाही पथ्ये आहेत.

पहिले पथ्य म्हणजे आधी साखर पाहावी, मग मन. साखर उतरली की माणूस चिडतो, रडतो, असंबद्ध बोलतो. घरचे लोक त्याला राग समजतात, कोणी बाहेरचे लागले म्हणतात, आणि दूरवरचा समुपदेशक त्याला मनाचा उद्रेक समजू शकतो. म्हणून बोलणाऱ्याने आरंभीच ‘मला पहिल्या प्रकारचा मधुमेह आहे, मी इन्सुलिन घेतो’ असे सांगावे. साखर ७० च्या खाली असेल तर प्रथम तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावी, आणि संभाषण नंतर करावे. रोगी शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये. उलट्या, पोटदुखी आणि जोरजोराने चालणारा श्वास ही लक्षणे दिसली तर बोलत न बसता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. जीव देण्याचे विचार कोणी बोलून दाखविले तर त्याला एकटे सोडू नये. इन्सुलिनचे अतिरिक्त साठे त्याच्या हाताशी ठेवू नयेत, पण त्याची नियमित मात्रा कोणी तरी जवळ बसून द्यावी.

दुसरे पथ्य एकांताचे. ज्या घरात एकच मोबाईल आणि एकच खोली आहे, तेथे सासू किंवा भाऊ ऐकत असता मुलगी काय बोलणार? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रोग्याच्या माहितीची गुप्तता हा त्याचा हक्क मानला आहे. परंतु भिंतीला कान असतील तर कायद्याचा उपयोग नाही. एकांताची जागा घराने, नाही तर शाळेने द्यावयास हवी.

तिसरे पथ्य भाषेचे. दुःख मायबोलीतच पूर्णपणे सांगता येते. तेलुगू शाळेत शिकलेला मराठी मुलगा हिशोब तेलुगूत करील, पण रडेल मराठीत. गोंडी किंवा कोलामी घरातील मुलाला तर आपले दुःख आधी दुसऱ्या भाषेत आणावे लागते. त्याच्यासाठी गावातील आशा कार्यकर्ती किंवा शिक्षक हाच खरा दुवा.

चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शब्द इन्सुलिनची जागा घेऊ शकत नाहीत. ज्याची बाटली संपली आहे त्याला धीर देऊन उपयोग नाही, बाटली दिली पाहिजे. अन्न, औषध आणि आधार या तिन्हींपैकी एकाही गोष्टीने दुसरीची भरपाई होत नाही.

शाळेने काय करावे?

हे व्याख्यान शाळेत होत आहे, म्हणून शेवटी शाळेविषयी. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ साली मधुमेही विद्यार्थ्यांना परीक्षेच्या दालनात साखरेच्या गोळ्या व खाद्यपदार्थ नेण्याची मुभा दिली. २०२३ साली राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने अशा मुलांची शाळेत काळजी घेतली जावी म्हणून राज्यांना लिहिले. परंतु परिपत्रकाची वाट न पाहता प्रत्येक शाळेला करता येण्याजोग्या काही गोष्टी आहेत. वर्गशिक्षकाच्या टेबलाच्या खणात साखरेची पुडी असावी. सुई घेण्यासाठी मुलाला शौचालयात लपावे लागू नये, एक स्वच्छ कोपरा मिळावा. सहलीतून किंवा खेळातून त्याला वगळू नये. पोळ्याच्या पुरणपोळीवरून त्याला चारचौघांत टोकू नये, कारण काय खावे हे तो जाणतो आणि किती इन्सुलिन घ्यावे हेही जाणतो. फलकावर १४४१६ हा क्रमांक कायम लिहिलेला असावा, आणि महिन्यातून एकदा कार्यालयातील एक खोली व एक फोन तासभर ज्याला हवा त्याला, कारण न विचारता, मिळावा.

शाळा सोडून गेलेल्या मुलांचा विसर पडू देऊ नये, हीही माझी विनंती आहे. अठराव्या वर्षी शाळेचा दाखला मिळतो, बालरोगतज्ज्ञाचा दवाखाना सुटतो, आणि पुढचा आधार अजून लाभलेला नसतो. या मधल्या पोकळीतच तरुण हातचे जातात. अशा वेळी शिक्षकाने केलेला एक फोन, ‘कसा आहेस? साखरेचे विचारत नाही, तुझे विचारतो’ एवढाच, औषधाच्या बरोबरीने काम करतो.

पालकांना मी इतकेच सांगेन की सुई चुकली म्हणून रागावण्यापूर्वी ती का चुकली हे विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. आणि येथे बसलेल्या तरुणांपैकी कोणी हा रोग सोबत घेऊन जगत असेल, तर त्याला किंवा तिला सांगतो : बाळांनो, तुम्ही कंटाळलात यात तुमचा दोष नाही. इतके काम रोज करणारा कोणीही कंटाळेल. तो कंटाळा सुई टाळून व्यक्त करू नका, बोलून व्यक्त करा. ऐकणारे माणूस आज मराठीतही एका क्रमांकाच्या अंतरावर आहे.